पन्नासची लेन्स आणि दहा फुटांची खोली

गणपती गेले, नवरात्र संपलं की ऑक्टोबरच्या उन्हात सांताक्रूझच्या हौशी फोटोग्राफरांना एकच प्रश्न छळायला लागतो: पुढची लेन्स कोणती? दहीहंडीचे, जुहूच्या विसर्जनाचे, गरब्याचे फोटो एव्हाना लॅपटॉपवर मोठे करून बघून झालेले असतात. निम्मे हललेले, काही काळपट, आणि जे बरे आलेत त्यांत नेमका घरच्या माणसाचा चेहरा धूसर. दोष अर्थातच कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५च्या किट लेन्सवर जातो. त्यातच बोनस खात्यात पडायचा असतो आणि सवलतींचे मेसेज फोनवर टपटपायला लागलेले असतात. इतका जुळून आलेला योग पंचांगातही सापडायचा नाही.

माझ्या भाच्याचंही हेच झालं. वाकोल्याला राहतो, पहिल्या नोकरीच्या पैशांतून कॅमेरा घेतलाय. घरी आला तो चपला काढायच्या आधीच विचारता झाला, “मामा, सगळे म्हणतात फिफ्टी घे. घेऊ?”

“कोणता फोटो हुकला ते सांग आधी.”

“कोणता म्हणजे? बरेच हुकलेत.”

“मग तेच दाखव. चांगले राहू देत.”

या लेखात मला सांगायचंय ते जवळजवळ एवढंच आहे. लेन्सची निवड दुकानात होत नाही, हुकलेल्या फोटोंत होते. आपण दाखवतो ते जमलेले फोटो. लेन्सचा निर्णय मात्र न जमलेल्यांवरून घ्यायचा असतो, आणि ते आपण लाजेने पुसून टाकलेले असतात. पुसू नका. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात त्याची जन्मकुंडली लिहून ठेवतो: फोकल लेंग्थ किती, अपर्चर किती, शटर किती सेकंद उघडं होतं, आयएसओ किती. फोटो लावायच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थप्रमाणे ते वेगळे करता येतात.

भाच्याचे फोटो असे वेगळे केल्यावर बहुतेक नवशिक्यांचं दिसतं तेच चित्र दिसलं. दोन टोकांना गर्दी, मध्ये शुकशुकाट. १८ मिमीला ढीगभर, ५५ला ढीगभर. १८चे फोटो घरातले, मंडपातले, गल्लीतले, म्हणजे जिथे मागे सरकायला जागा नाही तिथले. ५५चे रस्त्यावरच्या माणसांचे. त्याने लगेच निष्कर्ष काढला, “बघ, मला टेली पाहिजे,” म्हणजे लांबचं जवळ ओढणारी लेन्स. पण ते फोटो एकेक करून पाहिले तर त्यांतल्या बऱ्याच फोटोंत लेन्स कमी पडली नव्हती, तो चार पावलं पुढे गेला नव्हता. अनोळखी माणसाजवळ जायचा संकोच दोनशे मिमीने जात नाही. उलट लांबून चोरून काढलेल्या फोटोत तो स्पष्ट दिसतो. आणि जे फोटो खरोखर जिवाला लागले होते, आजीची आरती, मंडपातले ढोलवाले, स्टेशनबाहेरचा रात्रीचा भाजीबाजार, ते सगळे आयएसओ ६४०० आणि सेकंदाचा विसावा भाग अशा आकड्यांवर हललेले. म्हणजे त्याला लांबचं दिसत नव्हतं ही अडचण नव्हती. उजेड पुरत नव्हता.

किट लेन्सची बाजूही मांडायला हवी, कारण ती फुकट बदनाम झाली आहे. भर दिवसा एफ/८ला ती उत्तम फोटो देते. तिची खरी मर्यादा अंधारात. ५५ मिमीला तिचं सर्वांत मोठं अपर्चर एफ/५.६. तेच एफ/१.८ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, सुमारे दहापट उजेड आत घेते. ज्या फोटोला सेकंदाचा पंधरावा भाग लागत होता तो दीडशेव्या भागात निघतो. पंधराव्या भागात ढोलावरचा हात फक्त पुसट डाग असतो. दीडशेव्या भागात निदान हात असतो.

इथपर्यंत ‘फिफ्टी घे’ म्हणणारे बरोबरच आहेत. कॅननची ५० मिमी एफ/१.८ नवी घेतली तरी दहा हजारांच्या आसपास मिळते, वजन जेमतेम १६० ग्रॅम, आणि किट लेन्सवरून आलेल्या माणसाला तिचे पहिले फोटो पाहून वेड लागतं. सल्ला वर्षानुवर्षांचा आहे आणि प्रामाणिक आहे. फक्त तो दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी दिलेला आहे.

१९२५मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला तो ५० मिमीची लेन्स घेऊन, आणि ३५ मिमी फिल्मवर पन्नास हीच सर्वसाधारण लेन्स मानली जाऊ लागली. आंरी कार्तिए-ब्रेसाँने, ज्याने गांधीजींच्या हत्येच्या थोडंच आधी त्यांचे फोटो काढले, आयुष्यभराचं बरंचसं काम पन्नासवर केलं. पण त्या फिल्मची चौकट ३६ मिमी रुंद होती. आपल्या हातातल्या परवडणाऱ्या कॅमेऱ्यांचा सेन्सर त्याहून लहान: कॅननचा साधारण २२.३ मिमी, निकॉन-सोनीचा २३.५च्या आसपास. लेन्स तीच, पण छोटा सेन्सर मधलाच तुकडा उचलतो, म्हणून पन्नासची लेन्स तिथे पंचाहत्तर-ऐंशीसारखी वागते.

आता हे सांताक्रूझच्या घरात आणून बघू. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ, गुणिले समोरच्या माणसापर्यंतचं अंतर. येणारं उत्तर म्हणजे फोटोत मावणारी रुंदी. आपल्या खोल्या दहा बाय बाराच्या. भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलं तर समोरच्या देव्हाऱ्यापर्यंत दहा फूट, म्हणजे तीन मीटर धरू. कॅननवर पन्नास लावली तर १.३ मीटर रुंदी मावते. आजी मावते, आजीच्या मांडीवरचं नातवंडही मावतं, आरतीचं ताट धरलेली सून मात्र कापली जाते. ३५ लावली तर १.९ मीटर. २४ लावली तर २.८ मीटर, म्हणजे आख्खी आरती. आणि दहा फूट हेही कागदावरचे. कपाट, पलंग, शिलाई मशीन वजा जाता हातात उरतात सात-आठ फूट. तेवढ्यात पन्नासला एका माणसापलीकडे काही दिसत नाही. फिल्मच्या जमान्यातल्या फोटोग्राफरला याच खोलीत पन्नासवर दोन मीटरहून जास्त मिळत होतं. तेव्हा त्याचा सल्ला खोटा नव्हता, आपण सेन्सर बदलून बसलो.

भाच्याने टेप आणून खोली मोजली. लेन्सचं परीक्षण वाचण्यापेक्षा हे केव्हाही बरं. तुम्हीही मोजा: घर, गल्ली, मंडळाचा मांडव, जिथे तुम्ही खरोखर फोटो काढता ती जागा.

माझं मत म्हणून सांगतो, लहान सेन्सरचा कॅमेरा असलेल्या, उपनगरात राहणाऱ्या आणि माणसांचे फोटो काढणाऱ्याची दुसरी लेन्स पन्नासची नसावी, पस्तीसची असावी. निकॉनने २००९मध्ये ३५ मिमी एफ/१.८ आणली ती मुद्दाम या लहान सेन्सरसाठीच. पस्तीसला किट लेन्स एफ/४.५च्या आसपास असते, त्यामुळे उजेडही सहापट वाढतो. कॅननवाल्यांची थोडी पंचाईत आहे. त्यांची चपटी २४ मिमी एफ/२.८ फक्त १२५ ग्रॅमची, खिशात मावणारी, गल्लीसाठी झकास. पण चोवीसला किट लेन्सही एफ/४ देतेच, तेव्हा उजेडाचा फायदा दुप्पट, त्याहून जास्त नाही. अंधाराची तक्रार असणाऱ्याने हे दुकानात जायच्या आधी समजून घ्यावं.

पन्नास वाईट नाही. चेहरे काढायचे असतील, संध्याकाळी जुहू कोळीवाड्यात जाळं विणत बसलेल्या आजोबांशी गप्पा मारून, त्यांच्या परवानगीने, तर पन्नासच हवी. फक्त एक सवय ठेवावी लागते. एक मीटरवरून एफ/१.८ला जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर खोलीचा पट्टाच स्पष्ट येतो. डोळा लख्ख, कान धूसर. आणि फोकस चुकून नाकाच्या शेंड्यावर गेला तर डोळाही गेला. एफ/२.८ला आणलं की बराच जीव भांड्यात पडतो.

उजेडाची ही भूक काही आजची नाही. फोटोग्राफी जगाला १८३९मध्ये कळली आणि दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नात जोसेफ पेट्झ्वालने चेहऱ्यांसाठी एफ/३.६ची लेन्स गणिताने बांधून दिली, कारण तोवरच्या लेन्सपुढे माणसाला काही मिनिटं निश्चल बसावं लागे. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. त्या मंडळींच्या लाकडी कॅमेऱ्यांना लेन्स बदलता येई, पण ती विलायतेहून बोटीने यायची वाट बघावी लागे. आज कुरियर दोन दिवसांत येतं म्हणून आपण विचारही दोनच दिवस करतो.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११मध्ये पद्मविभूषण. त्यांच्या हातात स्पीड ग्राफिक असे आणि रोलीफ्लेक्स असे. रोलीफ्लेक्सची लेन्स निघतच नाही. जी आहे तिच्यातून आयुष्य बघायचं. नेहरूंसारख्या माणसाच्या इतकं जवळ उभं राहता येणं हे त्यांचं खरं भांडवल होतं, आणि त्यासाठी साडी नेसून जड कॅमेरे घेऊन सायकलवरून दिल्ली तुडवायची तयारी.

तरी टेलीचा मोह सुटत नाही, आणि सांताक्रूझमध्ये तर तो आकाशातून येतो. विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवरून पश्चिमेकडे उडालेली विमानं जुहूवरून समुद्राकडे जातात. संध्याकाळी वाळूत उभं राहिलं की तांबड्या आभाळावर विमानाची काळी आकृती, आणि हातात ५५ मिमी. डासाएवढं विमान. अशा वेळी ७०-३०० घ्यावीशी वाटणं स्वाभाविक आहे. लहान सेन्सरवर ३०० म्हणजे साडेचारशेचं काम. पण परवडणाऱ्या टेली लेन्स टोकाला एफ/५.६ किंवा ६.३ देतात, म्हणजे सूर्य बुडाला की त्यांचंही दुकान बंद. आणि हिवाळ्यात मुंबईवर जी धुरकट चादर पसरते ती कुठलीच लेन्स फाडत नाही. लांबच्या फोटोत आधी हवा येते, मग विमान. एफ/२.८ची ७०-२०० यावरचा मोठ्या लोकांचा उपाय: किंमत लाखाच्या पुढे, वजन दीड किलोच्या आसपास. ती गळ्यात घालून सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये सांताक्रूझला चढून दाखवावं.

पक्ष्यांचं वेड लागलं असेल तर मात्र टेलीला पर्याय नाही, हे मान्य. ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो (२०१५पासून तिथे अभयारण्य आहे) तुमच्यासाठी काठावर येत नाहीत. अशा माणसाने सरळ टेली घ्यावी आणि मध्येच पस्तीस-पन्नासच्या वाटेला जाऊ नये. पण वेड लागलंय की नाही ते आधी तपासता येतं. सिनेमा-मालिकांमुळे अंधेरीत कॅमेऱ्याचं सामान भाड्याने देणारे भरपूर आहेत. ओळखपत्र, डिपॉझिट, आणि शनिवार-रविवारपुरती लेन्स घरी. दोन दिवसांत खांद्याने आणि फोटोंनी काय ते सांगितलेलं असतं.

आणि वन्यप्राणी म्हटलं की टेली, हे समीकरण मोडणारा फोटो आपल्याच उपनगरातला आहे. मुंबईच्या नयन खानोलकर यांना लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २०१६मध्ये शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. फोटो आरे कॉलनीतल्या एका गल्लीचा. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेली वारली लोकांची वस्ती, रात्र, आणि गल्लीतून निघालेला बिबट्या. खानोलकरांनी फ्लॅश असे लावले की गल्लीतल्या नेहमीच्या दिव्यांचाच उजेड वाटावा, आणि कॅमेरा असा ठेवला की बिबट्याने सगळी चौकट व्यापू नये. मनासारखा फोटो मिळायला चार महिने लागले. बिबट्या मोठा दिसावा एवढाच हेतू असता तर तो आणखी एक बिबट्याचा फोटो झाला असता. त्यांना बिबट्या आणि माणसाची वस्ती एकत्र हवी होती, आणि ‘एकत्र’ काही जवळ ओढून मिळत नाही. हा फोटो मी भाच्याला दाखवला तेव्हा तो बराच वेळ गल्लीच्या भिंतीच बघत होता.

खरेदीकडे वळू. मुंबईत कॅमेऱ्यासाठी अजूनही फोर्ट गाठावं लागतं. सीएसएमटीजवळचा बोराबाजार आणि आजूबाजूच्या गल्ल्या. ऑनलाइन दोनशे-पाचशे रुपये कमी दिसतील, पण स्वतःच्या कॅमेऱ्यावर लेन्स लावून बघायला मिळते ती इथेच. शिवाय सध्या जुन्या लेन्सना बरे दिवस आहेत, म्हणजे घेणाऱ्यांना. २०१८मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही मिररलेससाठी नवीन माउंट आणले, तेव्हापासून मोठी मंडळी आपल्या डीएसएलआरच्या लेन्स विकून तिकडे निघाली आहेत. तुमच्याकडे डीएसएलआर असेल तर सेकंडहँड लेन्स हा आजचा सर्वांत शहाणा सौदा. एक खबरदारी निकॉनवाल्यांना: डी३५००, डी५६०० अशा बॉडींत फोकसची मोटर नसते, तेव्हा जुनी ‘एएफ-डी’ लेन्स त्यावर लागते पण आपोआप फोकस करत नाही. ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ अशी अक्षरं असलेलीच मागा.

सेकंडहँड लेन्स बघायची एक पद्धत आहे आणि ती दुकानदारासमोर न लाजता करावी. दोन्ही झाकणं काढा. अपर्चर पूर्ण उघडं करा. जुन्या लेन्सला रिंग असते, नव्यांना बॉडीवर लावून बघावं लागतं. मग मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि पुढून आत बघा. धुळीचे चार कण दिसतील, ते सोडून द्या. धुळीने फोटो बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा नेच्याच्या पानासारखे फुटलेले पांढुरके धागे दिसले तर तो फंगस, आणि लेन्स खाली ठेवायची. सगळं धुकट, दुधाळ दिसलं तरी ठेवायची. अपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक आहे का बघा. माउंटच्या स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर ती कुणीतरी उघडलेली आहे. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवा. मध्ये कुठे अडली, खरखरली, तर सौदा नको. शेवटी भिंतीवर वर्तमानपत्र सपाट धरायला सांगा, पूर्ण उघड्या अपर्चरला एक फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा वेगळा धूसर असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. एवढं करताना जो विक्रेता वैतागतो, त्याच्याकडून घेऊ नये.

फंगसवर थोडं थांबायला हवं, कारण आपण राहतो ते सांताक्रूझ. हवामान खात्याच्या मुंबईत दोन वेधशाळा, कुलाबा आणि सांताक्रूझ. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३. असा दिवस रोज येत नाही, पण दमट हवा जून ते सप्टेंबर कायमची मुक्कामाला असते. फंगसचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. त्यांना लागते ती ओल, अंधार आणि न हलणारी हवा. तिन्ही गोष्टी कपाटातल्या चामडी पिशवीत अगदी मुबलक. लेन्सच्या काचेवरच्या पातळ थरावर एकदा फंगस रुजला की साफ केल्यावरही त्याचे ओरखडे मागे राहतात, आणि साफ करायचा खर्च पुष्कळदा लेन्सच्या किमतीला भिडतो.

उपाय महाग नाही. हवाबंद झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. फार खालीही नको, लेन्समधलं वंगण सुकतं. निळं सिलिका जेल ओल पिऊन गुलाबी झालं की गरम करून पुन्हा वापरता येतं, पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाच्या तव्यावर भाजू नका. एसी खोलीतून एकदम बाहेर काढलेल्या लेन्सवर धुकं जमतं. पिशवीतच ठेवून तिला अर्धा तास बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी. आणि जुहूच्या वाऱ्यात, वाळूत उभं राहून लेन्स बदलू नये, समोर कितीही सुंदर विसर्जन चालू असलं तरी.

भाच्याने अजून काही घेतलेलं नाही. सध्या तो किट लेन्स ३५वर ठेवून, झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावून फिरतो. दिवाळी होईपर्यंत पट्टी काढायची नाही असं त्याचं त्यानेच ठरवलंय. पस्तीस झेपतं की नाही हे कळायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

तुम्ही या दिवाळीत लेन्स घेणारच असाल तर पक्कं बिल मागा, त्यावर लेन्सचा सिरियल नंबर लिहून घ्या, भारतातली वॉरंटी आहे ना ते दुकानातच वाचा. ग्रे मार्केटच्या लेन्सवर वाचलेले दोन हजार पहिल्या दुरुस्तीत जातात. डबा आणि सिलिका जेल त्याच दिवशी घ्या, पुढच्या जूनमध्ये नको. आणि किट लेन्स विकू नका. तिचे फारसे पैसे येत नाहीत, आणि गुलालात, पावसात, दहीहंडीच्या पाण्यात न्यायला तीच बरी. भिजली तरी जीव जळत नाही.